अंतिम निर्णयाच्या अधीन राहून

सरकारी नोकरीची वाट पाहणाऱ्या घराला ज्योतिषी लागत नाही. संकेतस्थळ उघडत नसेल, तर 'यादी चढवत असतील'. उघडलं, तर 'आज काही लागणार नाही'. खात्यातून फोन आला तर शुभ, नाही आला तरी 'आचारसंहितेमुळे थांबलं असेल'.

माझ्या भाच्याचं नाव तात्पुरत्या निवड यादीत लागलं, कागदपत्र पडताळणी झाली आणि एका दुपारी चारित्र्य पडताळणीसाठी हवालदार घरी आले. चहा घेतला, शेजाऱ्यांकडे चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले, "आता काय, साहेबच झालात!" ताईनं संध्याकाळी पेढे वाटले. त्याच आठवड्यात 'सुधारित यादी प्रसिद्ध होईल' अशी सूचना लागली. कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळालं, "फाईल वर गेलीये, सहीला आहे." वर म्हणजे कुठे, हे विचारेपर्यंत फोन ठेवलेला.

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. हवालदारांच्या लेखी काम संपलं होतं, लिपिकाच्या टेबलावरून फाईल खरंच हलली होती. प्रत्येक टेबल आपल्यापुरतं खरं सांगतं आणि उमेदवार त्या तुकड्यांतून आपलं भविष्य जुळवत बसतो.

लोकसेवा आयोग शिफारस करतो, नियुक्ती शासन देतं. या दोहोंमधलं अंतर २०१९च्या राज्यसेवा परीक्षेतल्या उमेदवारांनी भोगलं. जून २०२० मध्ये निकाल लागला, सत्कार झाले. ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली आणि उपजिल्हाधिकारी, तहसीलदार म्हणून निवडलेली मुलं नियुक्तीसाठी ताटकळली. कायदाही सावधच आहे: निवड यादीत नाव आलं म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही, हे १९९१ साली घटनापीठानं सांगितलं, मात्र जागा मनमानीनं रिकाम्या ठेवता येणार नाहीत, हेही बजावलं. यादीच्या तळाशी 'न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून' असं लिहिलेलं असतं. आपण नाव सापडलं की खाली वाचतच नाही.

मग तर्क करणं सोडून द्यावं? सांगणं सोपं आहे. पण पुण्यातली खोली ठेवायची की सोडायची, खासगी नोकरीचा राजीनामा कधी द्यायचा, वय निघून जाण्याआधी पुढचा फॉर्म भरायचा का, आलेल्या स्थळाला काय कळवायचं, हे निर्णय सहीसाठी थांबत नाहीत. म्हणून मी भाच्याला एवढंच म्हणते: जावक क्रमांक आणि सही असलेला कागद हातात येईपर्यंत पुढचा फॉर्म भरत राहा.

पण शहाणपणाचा सगळा भार उमेदवारानंच का वाहायचा? फाईल कुठल्या टेबलावर, कशासाठी थांबली आहे, एवढी एक ओळ खात्यानं महिन्याला संकेतस्थळावर टाकली, तर हवालदाराच्या बोलण्यावर कुणी पेढे आणणार नाही.