भुतांच्या गावाची सहल

जपान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चेरीचा बहर, फुजी पर्वत, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या आणि किमोनोतल्या नाजूक बायका. होय ना? पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला नेणार आहे ती चक्क भुतांच्या गावाला! घाबरू नका. मुलांनाही बरोबर घ्या, त्यांनाच तिथे जास्त मजा येईल.

गावाचं नाव साकाइमिनातो. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, तोत्तोरी प्रांतातलं हे मासेमारीचं बंदर. ह्यांच्या कामानिमित्त आमचं जपानला जाणं झालं, तेव्हा लेकीच्या हट्टाखातर वाट वाकडी करून आम्ही तिथे गेलो. ओकायामाहून योनागो सव्वादोन तास, आणि तिथून छोट्या गाडीनं पाऊण तास. योनागोला या गाडीचा फलाट आहे शून्य क्रमांकाचा. जपानीत शून्याला ‘रेइ’ म्हणतात आणि आत्म्यालाही ‘रेइ’च! डब्यांवर भुतांची चित्रं, आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनाला एकेका भुताचं टोपणनाव. लेकीनं खिडकी सोडली नाही.

स्टेशनातून बाहेर पडलं की मिझुकी शिगेरू रस्ता सुरू होतो. जेमतेम आठशे मीटरचा, पण दोन्ही बाजूंना मिळून ब्राँझचे १७७ पुतळे. कुणी एकडोळ्या, कुणी छत्रीचं भूत, कुणी नुसती भिंतच! रस्त्यावरचे दिवेही डोळ्याच्या आकाराचे, आणि दुकानातली मिठाईसुद्धा. इथली बाजारपेठ ओस पडत चालली होती, तेव्हा १९९३ साली पहिले २३ पुतळे बसवले. आज भुतांच्या जिवावर गाव पोट भरतंय म्हणायला हरकत नाही.

ही भुतं कागदावर आणली चित्रकार मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) यांनी. त्यांचं बालपण याच गावात गेलं. घरी येणारी एक म्हातारी, तिला ते ‘नोन्नोन्बा’ म्हणत, त्यांना ‘योकाई’च्या, म्हणजे भुताखेतांच्या, गोष्टी सांगायची. पुढे महायुद्धात त्यांचा डावा हात गेला. उरलेल्या एका हातानं त्यांनी जन्मभर चित्रं काढली. १९६१ साली त्यांचं लग्न झालं, तेही पाहण्याच्या कार्यक्रमानंतर पाचव्या दिवशी! त्या गरिबीच्या संसाराच्या आठवणी पत्नी नुनोए यांनी २००८ मध्ये लिहिल्या, आणि २०१० मध्ये त्यांच्यावर दूरदर्शन मालिकाही झाली.

मिझुकींनी सुरुवातीला चित्रं काढली ती ‘कामिशिबाई’साठी. कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक. १९३० च्या सुमारास हा खेळ टोकियोच्या गल्लीबोळांतून सुरू झाला. सायकलवर लाकडी पेटी घेऊन माणूस यायचा, लाकडाच्या टिपऱ्या वाजवून मुलं गोळा करायचा, गोळ्या विकायचा, आणि मग पेटीतली चित्रं एकेक करून सरकवत गोष्ट सांगायचा. गोष्ट ऐन रंगात आली की ‘बाकीचं उद्या!’ आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातल्या कथा चित्रं दाखवून सांगत, त्याच जातीचं हे काम. पुढे जपानात टेलिव्हिजन आला तेव्हा लोकांनी त्याला नाव दिलं, ‘विजेचं कामिशिबाई’!

या जुन्या भुतांनंतर शहरांत नवी भुतं जन्मली. १९७९ ची गोष्ट. गिफू प्रांताकडून एक अफवा निघाली आणि उन्हाळ्यापर्यंत देशभर पसरली. संध्याकाळी एकट्या मुलाला वाटेत एक बाई भेटते. तोंडाला मास्क. (जपानात सर्दी झाली की मास्क लावतातच, म्हणून संशय येत नाही.) ती विचारते, “मी सुंदर आहे का?” मग मास्क काढते, तर तोंड कानापर्यंत फाटलेलं! हीच ती ‘कुचिसाके-ओन्ना’. मुलं एवढी घाबरली, की कित्येक ठिकाणी त्यांना गटागटानं घरी पाठवावं लागलं.

पण मला नवल वाटलं ते पुढचं. या बाईपासून सुटायचे उपाय मुलांनीच शोधले होते. ‘पोमेड’ हा केसांना लावायच्या चोपडणाचा शब्द तीनदा म्हणायचा. साखरेच्या पाकाची गोळी तिच्याकडे फेकायची. किंवा ‘सुंदर’ नाही, ‘कुरूप’ नाही, ‘साधारण आहेस’ असं म्हणायचं. ती विचारात पडते, तेवढ्यात आपण धूम ठोकायची!

आपला बागुलबुवा आठवा. त्याला मोठ्यांनी बोलावलं, मुलानं जेवावं म्हणून. त्याच्यावर तोडगा कुणी सांगतच नाही, कारण मग धाक कसला राहणार?

शाळेच्या भुतांचंही तसंच. मुलींच्या स्वच्छतागृहातलं तिसरं दार तीनदा ठोठावलं तर आतून ‘हानाको-सान’ ओ देते, असं तिकडची मुलं सांगतात. त्सुनेमित्सु तोरू नावाच्या एका शिक्षकांनी मुलांकडून अशा गोष्टी गोळा केल्या. १९९० पासून निघालेली त्यांची ‘शाळेतल्या भुतांच्या गोष्टीं’ची पुस्तकं मुलांनी उचलून धरली.

मी अर्धवेळ शिकवते त्या वर्गात पाचवीतली एक मुलगी दिवसभर पाणीच पीत नव्हती. का, तर मागच्या बाजूच्या संडासात हडळ आहे! मी हसले नाही, ‘भूतबीत काही नसतं’ असंही म्हटलं नाही. वर्गालाच विचारलं, “बरं, ती आली तर करायचं काय?” पाच मिनिटांत सात उपाय निघाले. दोघींनी मिळून जायचं, मोठ्यानं पाढे म्हणायचे. एकीनं सांगितलं, तिला गृहपाठ विचारायचा, ती पळेल! मग प्रत्येकीनं आपापल्या हडळीचं चित्र काढलं. आठवड्याभरात त्या पोरीची पाण्याची बाटली रिकामी घरी जाऊ लागली.

कागदी नाटकाच्याच थाटात ‘यामिशिबाई’ नावाची पाच-पाच मिनिटांच्या भयकथांची चित्रमालिका २०१३ मध्ये जपानी दूरदर्शनवर सुरू झाली. संध्याकाळी पाच वाजता मुखवटा घातलेला म्हातारा येतो आणि मुलांना गोष्ट सांगतो. पण ती दाखवत रात्री उशिरा, म्हणजे ती मोठ्यांसाठीच. तिच्यात तोडगा नसतो. बहुतेक गोष्टी ऐन भीतीतच संपतात. मुलांच्या हाती मोबाइल देताना एवढं जरूर पाहा.

साकाइमिनातोला जाणं प्रत्येकीला कुठलं जमायला? पण आज रात्री तुमचं लेकरू ‘आई, पलंगाखाली कुणीतरी आहे’ म्हणालं, तर पाटी नाहीतर कागद पुढे करा. कसं दिसतं ते काढायला सांगा, आणि त्याला पळवायचं कसं, तेही त्यालाच विचारा.