अर्ध्या तिकिटाचा तानपुरा

"हे बाळ कुणाचं? अर्धं तिकीट काढा!" सातारा-सांगली एस.टी.त कंडक्टर ओरडले आणि सगळी गाडी हसली. माझ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला तानपुरा होता. मला मात्र हसू येत नव्हतं. तो मीच बिघडवला होता.

मित्रांनो, थोडं मागे जातो. लग्नाआधी आईने गांधर्व महाविद्यालयाची 'मध्यमा पूर्ण' दिली होती. लग्नात माहेरहून तिच्याबरोबर एक तानपुरा आला. माझ्या फर्स्ट इयरच्या फीला थोडे पैसे कमी पडले आणि तो विकला गेला. घरात त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. आई म्हणाली, "नाहीतरी धूळच खात होता." तिने गुणगुणणंही बंद केलं, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

सुट्टीत शिकवण्या घेऊन थोडे पैसे साठवले. साताऱ्यात जुन्या सामानाच्या एका दुकानात कोपऱ्यात एक तानपुरा उभा होता. भोपळ्याला वीतभर चीर, दोन तारा गायब, खुंट्या सैल. घासाघीस करून पंधराशेला घेतला. दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्त करायचा, असा बेत. मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे म्हटल्यावर एवढं जमणारच!

सुरुवात झकास झाली. तारा काढल्या, चिरेत फेव्हिकॉल आणि लाकडाचा बारीक भुसा भरला, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गच्च आवळल्या आणि दोन दिवस हात लावला नाही. चीर सांधली. घसरणाऱ्या खुंट्यांना खडू चोळला, त्या धरू लागल्या. नव्या तारा चढवल्या. आई येता-जाता बघायची, बोलायची नाही.

मग माझी नजर घोडीवर गेली. भोपळ्याच्या तबलीवर बसवलेला हा पूल, त्याच्यावरून तारा जातात. त्याचा माथा मला कुठे झिजलेला, कुठे फुगीर वाटला. फिटिंगच्या जॉबला वर्कशॉपमध्ये शाबासकी मिळालेला मी! काचेवर एमरी पेपर ठेवून माथा घासघास घासला, आरशासारखा सपाट केला. तार छेडली. नुसतं 'टण्ण'. गुंजन गायब. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू दे रे, जुनंच आहे ते." त्या 'राहू दे'ने रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून मिरज. आपल्या हॉस्टेलपासून सिटी बसने जेमतेम अर्धा तास, पण तीन वर्षांत मी तिथे फक्त रेल्वे पकडायला गेलो होतो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि पुढे गल्लीच उभी राहिली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढा भागातून. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

दुकानातल्या चाचांनी घोडीवरून अंगठा फिरवला.

"बेटा, ही सपाट कुणी केली?"

"मीच, चाचा."

"मग तार बसली की! तारेला बसू द्यायचं नसतं. तिनं घासत, टेकत-सुटत जायला पाहिजे."

त्यांनी घोडीच्या माथ्याला कानशीने हलकासा उतार द्यायला सुरुवात केली. दोन हात मारायचे, तार चढवायची, खालचा सुती दोरा केसभर सरकवायचा, डोळे मिटून ऐकायचं, पुन्हा तार उतरवायची. दीड तास! मायक्रोमीटर नाही, गेज नाही. याला म्हणतात जवारी काढणं. शेवटी त्यांनी दोरा जरासा सरकवला आणि एका तारेतून जणू दहा तारा बोलू लागल्या.

रूमवर येऊन वाचलं तेव्हा कळलं, सी. व्ही. रामन यांनीही १९२१ साली यावर लिहिलंय. तार बरोबर मध्यावर छेडली तर नियमाप्रमाणे सम क्रमांकाचे हार्मोनिक्स यायला नकोत. तानपुऱ्यात ते येतात, कारण तार त्या वक्र घोडीला टेकत-सुटत कंप पावते. मी फुगवटा समजून जे घासून टाकलं, तोच तर आवाज होता. ड्रॉइंगमध्ये काय सपाट हवं हे शिकलो होतो. काय सपाट करायचं नाही, हे मात्र चाचांकडे कळलं.

पुढच्या शनिवारी तानपुरा घरी नेला. आईसमोर ठेवला आणि चारही तारा छेडल्या. ती हात पुसत उभी राहिली. बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "पंचम उतरलाय जरा." खाली बसली, खुंटी पिळली, मणी सरकवला आणि तानपुरा खांद्याला लावला. मी दूध बघायच्या निमित्ताने आत गेलो. बाहेरून 'सा' आला, जरा कापरा, पण आला.

फीचं मी अजूनही तिच्याशी बोललेलो नाही. बहुतेक आता बोलायची गरजही नाही.

तुमच्याही घरी माळ्यावर असं एखादं वाद्य असेल तर या दिवाळीत जरूर खाली काढा. एमरी पेपर मात्र हॉस्टेलवरच ठेवून जा!