एकाच सालच्या दोन तबकड्या

सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या उत्तरेतल्या 'विगन कसिनो' या नाचघरात रात्रभर दोन ठिकाणी नाच चाले. मोठ्या दालनात डीजे नवं काहीतरी शोधून आणून वाजवत, तर 'मिस्टर एम्स' या लहान दालनात ओल्डीज, म्हणजे जुनी, ओळखीची गाणी. गंमत अशी, की दोन्हीकडच्या बऱ्याच तबकड्या एकाच काळातल्या असत: १९६४ ते १९६८च्या आसपास डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिसमध्ये छापलेल्या. मग त्यातली एक नवी आणि दुसरी जुनी कशी?

कारण अमेरिकी सोल संगीताच्या या वेड्यांनी गाण्याचं वय छपाईच्या सालावरून मोजलंच नाही. (त्यांच्या या आवडीला 'नॉर्दर्न सोल' हे नाव डेव्ह गॉडिन या पत्रकाराने दिलं.) त्यांना हवा असे डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांचा धावता ठेका, आणि तोही अमेरिकेत साफ पडलेल्या, गोदामात धूळ खात बसलेल्या तबकड्यांमधला. असं गाणं सापडलं की ते कितीही वर्षांपूर्वीचं असो, विगनमध्ये नवंच. मग ते शनिवारमागून शनिवार वाजायचं. टाल्कम पावडर भुरभुरलेल्या लाकडी जमिनीवर, दारूचा थेंबही न मिळणाऱ्या त्या जागेत, सगळं दालन नेमक्या जागी एकदम टाळी देऊ लागलं, की गाणं ओल्डी झालं!

ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' अमेरिकेत कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. रिचर्ड सर्लिंग या डीजेने १९७३ साली ते तिथून आणलं, उत्तरेत ते गाजलं, आणि १९८१ साली 'सॉफ्ट सेल' या जोडीने ते पुन्हा गाऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं.

फ्रँक विल्सनची गोष्ट याहून विलक्षण. त्याने १९६५ साली मोटाऊनसाठी 'डू आय लव्ह यू' गायलं; पण पुढे गायक न होता निर्माता म्हणूनच काम करायचं ठरलं आणि छापलेल्या जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट झाल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते विगनमध्ये वाजू लागलं ते 'एडी फॉस्टर' या खोट्या नावाने. प्रतिस्पर्धी डीजेला तबकडीचा माग लागू नये म्हणून लेबल झाकायचं आणि गायकाला भलतंच नाव द्यायचं, हा तिथला सर्रास चालणारा डाव. १९७९ साली गाणं ब्रिटनमध्ये रीतसर विक्रीला आलं. मूळ प्रत २००९ साली पंचवीस हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. ६ डिसेंबर १९८१ला कसिनोची शेवटची रात्र संपली, तेव्हा लोक हलेनात. शेवटी लावलं ते हेच गाणं. जेमतेम तीन-चार वर्षांत अनोळखी गाणं निरोपाचं झालं होतं.

आता वादाचा मुद्दा. ब्लॅकपूलच्या 'मेक्का' या नाचघरात इयन लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस या डीजेंनी ताज्या तबकड्या वाजवायला सुरुवात केली. कार्स्टेअर्सचं 'इट रिअली हर्ट्स मी गर्ल' हे १९७३ सालचं, म्हणजे त्या वेळी अक्षरशः चालू काळातलं. कट्टर मंडळी भडकली; साठच्या दशकाबाहेरचं सोल त्यांना सोल वाटेना. पण आज ओल्डीजच्या रात्री हेच गाणं लागलं की त्या मंडळींच्या वयाचेही जागेवरून उठतात. त्याला अजूनही ओल्डी न मानणं हा निव्वळ हट्ट आहे. ज्या गाण्यावर एक पिढी पुरती नाचून झाली, त्याच्या लेबलवर १९६५ आहे की १९७३, हे फार तर संग्राहकाने बघावं.