जीवनमानाची मोजपट्टी

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा मानव विकास अहवाल प्रसिद्ध झाला, की वृत्तपत्रांत आपल्या देशाचा क्रमांक छापून येतो. २०२५ च्या अहवालात १९३ देशांत भारताचा क्रमांक १३० वा होता. क्रमांक वर सरकला तर समाधान, खाली गेला तर टीका. चार दिवसांत दोन्ही ओसरतात. परंतु देशोदेशींच्या माणसांचे जगणे एका आकड्यात बांधणारी ही मोजपट्टी कशी घडली आणि ती आपल्या काय उपयोगाची, याचा विचार क्वचितच होतो. आमची नोकरीतील बरीच वर्षे तक्ते भरण्यात आणि भरून घेण्यात गेली. त्यामुळे आकड्यांविषयी आम्हांस अनादर नाही, अंधश्रद्धाही नाही.

आपल्याकडे या विचाराचा आरंभ मोठा मर्मभेदी झाला. दादाभाई नौरोजींनी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये असल्याचे हिशेबाने दाखविले. १८७६ साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे त्यांनी हा विषय मांडला. विशेष हे, की त्या आकड्याशेजारी त्यांनी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला, आणि तो अधिक भरला. मोकळ्या रयतेपेक्षा बंदिवानाचे पोट बरे भरते, हे सरकारच्याच कागदांवरून सिद्ध झाले. ही तुलना सरकारला जाब विचारण्यासाठी होती.

पुढे देशांची तुलना दरडोई उत्पन्नावर होऊ लागली. तीतील पहिली अडचण बाजारात गेले तरी कळते. मुधोळला केस कापून घेण्यास जेवढे रुपये पडतात, त्यांचे डॉलर करून न्यू जर्सीत गेल्यास न्हाव्याच्या खुर्चीवर बसताही येणार नाही. म्हणून विनिमयदराऐवजी क्रयशक्ती धरू लागले. परंतु हाती पैसा किती आला एवढ्यावरून आयुष्य कसे गेले हे कळत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारवर्गाचा इतिहास लिहिणारे अमेरिकन अभ्यासक मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९७९ साली अर्भकमृत्यू, एक वर्ष वयानंतरचे आयुर्मान आणि साक्षरता या तिहींवर एक निर्देशांक उभारला. त्यात पैशाला स्थानच नव्हते. १९९० साली पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांचा मानव विकास निर्देशांक पुढे आणला.

या निर्देशांकाची जडणघडण जाणण्याजोगी आहे. २०१० पासून तिन्ही घटकांच्या साध्या सरासरीऐवजी गुणोत्तर मध्य घेतला जातो. साध्या सरासरीत एका विषयातील गुण दुसऱ्यातील उणीव झाकतात. येथे आकडे परस्परांशी गुणले जात असल्याने एक फार खाली राहिला तर तो इतरांनाही ओढतो. त्याच वर्षापासून विषमतेचाही हिशेब होऊ लागला. २०२५ च्या अहवालात भारताचा निर्देशांक ०.६८५ आहे, विषमता विचारात घेतली, की त्यात सुमारे ३१ टक्के घट होते. आमच्या मते क्रमांकापेक्षा ही घटच अधिक बोलकी आहे.

मात्र सीमेवर राहणाऱ्या माणसाला तुलना करण्यासाठी अहवाल लागत नाही. आमचा मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादकडे आला आणि आदिलाबादचे किनवट नांदेडकडे गेले. २०१६ पासून मुधोळ निर्मल जिल्ह्यात आहे. कागद बदलले तरी सोयरिकी बदलल्या नाहीत. तेलंगणाने २०१८ मध्ये शेतीला चोवीस तास मोफत वीज आणि हंगामाला एकरी चार हजार रुपयांची रयतू बंधू योजना सुरू केली, तेव्हा पलीकडच्या धर्माबाद तालुक्यातील काही गावांनी आम्हांसही तेलंगणात घ्या, अशी मागणी केली. त्यांची मोजपट्टी सरळ होती: व्याह्याच्या शिवारात काय पोहोचले आणि आपल्या शिवारात काय नाही.

अलीकडून पाहिले, तर इकडच्या मराठी घरांची नजर नांदेडकडे लागलेली असते. दुरून डोंगर साजरे, हे दोन्ही बाजूंना लागू आहे. पण त्यात एक खरी उणीवही आहे. निर्देशांकात शाळेची वर्षे मोजली जातात. ती वर्षे कोणत्या भाषेत गेली, यासाठी रकाना नाही. आठ वर्षे शिकलेल्या नातवाला आजीच्या हातची मराठी चिठ्ठी वाचता आली नाही, तरी तक्त्यात त्याची आठ वर्षे पूर्णच धरली जातात. येथे तेलुगू शिकणे आवश्यक आहे, याबद्दल आमची तक्रार नाही. तिच्यासोबत मराठी टिकावी, एवढीच इच्छा आहे.

कोणी म्हणेल, मोजपट्टी अशी अपुरी, तर मोजावेच कशाला? आमचा अनुभव उलट आहे. ज्या गोष्टीला तक्त्यात रकाना नसतो, तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद क्वचितच होते. कैद्याच्या जेवणाचा हिशेब सरकारदरबारी होता; रयतेच्या पोटाचा मात्र दादाभाईंना स्वतः मांडावा लागला. तेव्हा पुढील अहवाल येईल त्या वेळी देशाचा क्रमांक अवश्य पाहावा. मग आपल्या तालुक्यात जन्मलेली किती मुले वर्षभर जगली, किती मुली दहावीपर्यंत टिकल्या, आणि मराठी शाळेत यंदा किती नावे दाखल झाली, हेही विचारावे. उत्तर देणारा अधिकारी कपाळाला आठ्या घालील. आम्हीही कधी काळी त्याच खुर्चीत होतो. पण प्रश्न वारंवार येऊ लागला, की रकाना आखावाच लागतो.