देल्फीनची सुट्टी

ऑगस्ट लागला की पॅरिस ओस पडतं. जो तो समुद्राकडे नाहीतर डोंगराकडे निघतो. अशा वेळी शहरात एकट्यानं मागे राहायचं म्हणजे आपल्याला कुणी नाही, हे चारचौघांत उघडं पडणं. एरिक रोमेरच्या १९८६ सालच्या ‘हिरवा किरण’ या चित्रपटातली देल्फीन नेमकी त्यातच सापडली आहे. ग्रीसला बरोबर येणार असलेली मैत्रीण ऐन वेळी माघार घेते. पूर्वीचं नातं संपलेलं आहे, पण देल्फीन अजून ते मान्य करत नाही.

एका मैत्रिणीसोबत ती शेरबुर्गला जाते. तिथलं अंगणातलं जेवण मला फार जवळचं वाटतं. डुकराच्या मांसाचं ताट पुढे येतं. ती खात नाही म्हणते. झालं, सगळे विचारू लागतात. का नाही? मासेही नाहीत? कुणी वाईट नाही, उलट सगळे प्रेमानंच विचारताहेत. ती आपलं म्हणणं समजावून सांगू पाहते, शब्द शोधते, अडखळते आणि जितकं बोलते तितकी एकटी पडत जाते. आपल्याकडे पंगतीत ‘एवढं तरी घ्याच’ या आग्रहापुढे ज्याचा जीव कानकोंडा झालाय, त्याला हे दृश्य वेगळं समजावायला नको. पुढे ती एकटीच फिरायला जाते. वाऱ्यानं झाडं हलत असतात, आणि तिला रडू फुटतं. रोमेर त्या रडण्याला कारण चिकटवत नाही. त्याचा हा संयम मला मोठा वाटतो.

संवाद बरेचसे नटांनी आयत्या वेळी रचलेले आहेत. देल्फीन झालेल्या मारी रिव्हिएरचा पटकथेतही वाटा आहे. १६ मिलिमीटरचा कॅमेरा, मोजकी माणसं. म्हणूनच ते अडखळणं इतकं खरं उतरलं असावं. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला.

शेरबुर्गनंतर देल्फीन आल्प्सला जाते. तिथून ती त्याच दिवशी परत फिरते. बियारित्झला ओळख झालेली स्वीडिश मुलगी सहज पुरुषांशी गप्पा मारते, आणि देल्फीन तिथून अक्षरशः पळ काढते. लोक तिला हट्टी म्हणतील. मला ती प्रामाणिक वाटते. मन नसताना हसणं तिला जमत नाही, इतकंच.

बियारित्झलाच काही वयस्क मंडळी ज्यूल व्हर्नच्या १८८२ सालच्या, याच नावाच्या कादंबरीवर बोलत असतात, ते तिच्या कानावर पडतं. सूर्य बुडताना हवेच्या थरांत प्रकाश वाकतो, रंग वेगळे होतात, आणि आभाळ स्वच्छ असेल तर शेवटी क्षणभर हिरवं दिसतं. कादंबरीप्रमाणे, ते पाहणाऱ्याला स्वतःचं आणि दुसऱ्याचंही मन कळतं.

परतीच्या गाडीची वाट पाहत स्टेशनवर ती दोस्तोयेव्हस्कीची ‘इडियट’ वाचत बसलेली असते. एक तरुण त्या पुस्तकावरून बोलणं काढतो. तो सेंट-जाँ-द-ल्यूझला निघालेला. सबंध सुट्टीभर ज्याला त्याला नकार देत आलेली ही मुलगी त्याला आपणहून विचारते, मी येऊ का तुमच्याबरोबर? पुढे समुद्रावर काय दिसतं ते ज्यानं त्यानं पाहावं. माझ्या लेखी हा प्रश्न विचारताना तिला स्वतःचं मन कळलेलं असतं.