घाई कुणाला हाय?

प्रसूतिकक्षात नव्या मुली ड्यूटीला येतात तेव्हा मी आधी त्यांच्या हातांकडे बघते. मुली हुशार असतात, पण हात स्वस्थ राहत नाहीत. बाईला कळा येत असतात आणि ह्यांना सारखं काहीतरी करायचं असतं. पुन्हा एकदा तपासू, सलाईन जरा वाढवू, पोटावर हात देऊ. बाळंतपणात करण्यासारखं थोडं आणि बघण्यासारखं पुष्कळ असतं, हे त्यांच्या पुस्तकातही लिहिलेलं आहे. पुस्तकातून ते हातात मात्र उतरत नाही. माझ्या हातात ते आलं आजीकडून, आणि आजी अंगठा उठवणारी होती.

आजी सुईण होती. मंगळवेढा तालुक्यातलं, माण नदीकाठचं गाव. आमचं घर मातंग वस्तीत, गावाला थोडं सोडून. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कुणीतरी दाराशी यायचं, "आज्जी, चला बिगीनं" म्हणायचं. आजी बिगीनं कधीच निघाली नाही. आधी चूळ भरायची, पदर खोचायची, कोनाड्यातल्या विठोबापुढं हात जोडायची आणि मग विचारायची, "पयलटकरीण हाय का?" पहिलटकरीण असली तर वाटेत पान खायलाही सवड आहे, असा तिचा हिशोब. घाई करणाऱ्या नवऱ्याला ती सुनवायची, "घाई कुणाला हाय? तुला. त्याला तर न्हाई."

तिथं पोचल्यावर ती कोपऱ्यात बसायची. बाईला चालवायची, आढ्याला बांधलेला दोर धरून उकिडवी बसवायची, कंबर चोळायची, कोमट पाणी पाजायची. बाकी नुसती बघायची. बाई दोन कळांच्या मधे बोलायची थांबली, आवाज घशातून यायला लागला, पायाची बोटं आत वळली की आजी उठून पाणी तापलं का विचारायची. मी तेव्हा शाळकरी पोर, दाराबाहेर बसलेली. पण पुढं एएनएमच्या प्रशिक्षणात प्रसूतीचे टप्पे शिकले तेव्हा त्यातली निम्मी लक्षणं ऐकूनच ओळखीची होती. तासाला एक सेंटिमीटर ह्या हिशोबानं गर्भाशयाचं तोंड उघडलंच पाहिजे, असं आम्हाला घोकायला लावलं होतं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की हा हिशोब प्रत्येक बाईला लावू नका. आई आणि बाळ ठीक असतील तर नुसतं सावकाश चाललंय म्हणून हात घालू नका. ते वाचून मला हसू आलं. आजीचंच म्हणणं होतं, फक्त जिनिव्हाहून आलेलं.

तिच्या दोन सवयी मी जशाच्या तशा उचलल्या. नाळेतली धडधड बोटांना लागते तोवर ती नाळ कापायची नाही. आता आम्हालाही किमान एक मिनिट थांबायला सांगतात, कारण तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळाकडे जातं आणि पुढं त्याच्या अंगात लोह कमी पडत नाही. दुसरी सवय कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये नाही. वार पडेपर्यंत मुलगा की मुलगी हे ती कुणालाच सांगायची नाही. तिसरी-चौथी मुलगी झाल्याचं ऐकून बाईनं धसका घेतला की वार अडते आणि अंगावरून जायला लागतं, असं ती म्हणायची. त्याचं शास्त्र काही असो. त्या घटकेला बाईच्या कानावर सासूचा सुस्कारा पडू नये एवढं तरी त्यातून साधतं. मीही आधी बाळ आईच्या छातीवर देते, कपड्यानं झाकते आणि वार पूर्ण आली की मगच सांगते. मुलगा झाला तर सुईणीला लुगडं आणि दोन पायली ज्वारी, मुलगी झाली तर नुसता खण, अशी गावाची रीत होती. आजी भांडायची नाही. खण घ्यायची आणि ओट्यावर बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं "लक्षुमी आली" म्हणायची.

तिचं सगळंच बरोबर होतं असं लिहिणाऱ्यांपैकी मी नाही. जुन्या सुईणींविषयी हळवं होणारी माणसं सहसा दवाखान्यात बाळंत झालेली असतात. आजी चीक पिळून टाकायला लावायची, बाळाला गुळाचं पाणी चाटवायची. नाळ पूर्वी घरातल्याच विळ्यानं कापली जायची, वर राख लावायची. कितीतरी बाळं आठवड्याभरात धनुर्वातानं गेली, आणि त्याचं खापर सटवाईवर फुटलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सरकारनं गावोगावच्या दायांना बोलावून शिकवलं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं पातं, उकळलेला दोरा, नाळेला काही लावायचं नाही. म्हातारी मुकाट्यानं शिकली. पातं उकळलेलं नसेल तर तेवढ्यापुरती तीही बिगीनं ओरडायची. धनुर्वाताची लस आणि ही साधी स्वच्छता, ह्या दोन गोष्टींनी देशाची किती बाळं वाचवली! २०१५ साली भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याची घोषणा झाली, ती ऐकायला आजी नव्हती.

अंगावरून जायला लागलं की मात्र तिचे हात संपायचे. बैलगाडी जुंपून पंढरपूर गाठायचं, एवढाच इलाज. सगळ्या पोचल्या नाहीत. त्या बायकांची नावं आजी एकादशीला सकाळी, माळ ओढता ओढता पुटपुटायची. आम्हाला वाटायचं देवाचीच नावं आहेत. आज बाळ बाहेर आल्या-आल्या मिनिटाभरात आम्ही ऑक्सिटोसिनची १० युनिटं मांडीत टोचतो. करंगळीएवढी कुपी. तीच कुपी बाळ व्हायच्या आधी, कळा वाढाव्यात म्हणून टोचणारेही आहेत, आणि त्यानं गर्भाशय फाटून आलेली बाई मी पाहिली आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. पोटुशी बायकाही घण घेऊन बसायच्या, न बसून करतील काय? कामावरच एकीला कळा सुरू झाल्या. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला आणि तिथंच, खडीच्या ढिगाआड, बाळ झालं. मजुरी फोडलेल्या खडीच्या मापावर असायची. आजीचं माप त्या दिवशी भरलं नाही. बाळंतिणीला तिनं आपल्या वाटची सुकडी दिली आणि घरी येऊन सुनेची बोलणी खाल्ली. सून म्हणजे माझी आई. आईची तक्रार खोटी नव्हती. आजोबा लवकर गेलेले, घरात खाणारी तोंडं सात, आणि सासू रात्र-रात्र दुसऱ्याच्या उंबऱ्यात. आमच्या दुखण्या-खुपण्याला आजी क्वचितच हाताशी असायची. असली तरी तोंडाची फटकळ; आम्ही नातवंडं तिला भिऊन असायचो.

ज्या घरात तिनं रात्रभर बाईला मांडीवर धरलं, त्याच घरात सकाळी तिला पाणी वरून ओतून मिळायचं. बाळंतिणीचा विटाळ आणि वर जातीचा. ह्यावर तिच्याकडे एक उत्तर होतं, आणि ते चोखोबांच्या गोष्टीत होतं. मंगळवेढं हे चोखोबांचं गाव. त्यांच्या बायकोचे, सोयराबाईंचे दिवस भरले, घरात कुणी नाही, तेव्हा विठ्ठलच नणंदेचं, निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्यानं बाळंतपण केलं, अशी कथा आहे. आजी ती सांगायची तेव्हा बारकावे स्वतःच्या धंद्यातले घालायची. देवानं आधी पाणी तापवलं, देवानं कंबर चोळली, देवानं वार पुरली. शेवटी म्हणायची, "त्यो न्हाई विटाळला, मी कशी विटाळीन?" १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं. तरी आजी महाद्वाराशी चोखोबांच्या समाधीपाशीच जास्त वेळ बसायची. आत दर्शनाला जायची आणि लगेच बाहेर यायची. आत फार ढकलतात, म्हणायची.

महाराष्ट्रात आता शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. लाखामागं मातामृत्यू २०१८-२० च्या पाहणीत ३३ वर आले होते. हे आकडे मला प्रिय आहेत. मी त्यांच्यासाठीच नोकरी करते. पण आजी म्हातारपणी एकदा माझ्या वॉर्डात आली, टेबल बघितलं, पाय अडकवायची कडी बघितली आणि म्हणाली, "हितं उताणी निजवून ठिवल्यावर त्ये खाली कसं यायचं? वर ढकलावं लागतंय की बाईला." मी तेव्हा तिला गप्प केलं होतं, कारण शेजारी डॉक्टर उभे होते.

आता नियमांनीच सोबतीला एक बाई आत येऊ शकते, आणि बाईनं तिला सोसेल तसं बसावं-चालावं असंही मार्गदर्शन आहे. आमच्याकडे कोपऱ्यात जाड गादी टाकली आहे, खिडकीच्या गजाला धरायला आडवी दांडी बसवून घेतली आहे. तरुण डॉक्टरांना वाकून तपासायला त्रास होतो, ते कुरकुरतात. नव्या मुलींना मी पहिला आठवडा तिथं स्टुलावर बसवते, दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके मोजून लिहायला लावते, बाईच्या पायाच्या बोटांवर नजर ठेवायला सांगते. बाकी हात मांडीवर. दोघी-तिघींना ते जमतं. एक मुलगी परवा म्हणाली, सिस्टर, ह्यात करायचं काय असतं? तिला मी आणखी एक आठवडा बसवलं.