एक बिनडोक प्राणी

गेल्या महिन्यातले दोन वीकेंड हॉस्पिटलात गेले. होस्टेलवर चार वर्षं जो माझा रूमपार्टनर होता, त्याला ल्युकेमिया झालाय. ब्लड कॅन्सर. काकू अंघोळ-जेवणाला घरी गेल्या की त्याच्याजवळ बसायची पाळी माझी. बसायचं म्हणजे काय, तो झोपलेला असतो आणि मी सलाईनचे थेंब मोजतो.

दिसेल ते लेबल वाचायची मला खोड आहे. पिशवीवर लिहिलं होतं, सायटाराबिन. मोबाईलवर शोधलं तर दोन-तीन ओळींतच एक शब्द समोर आला.. स्पंज! चुकून भलतंच पान उघडलं की काय असं वाटलं. स्पंज म्हटलं की मला आठवतो तो पहिलीत पाटी पुसायला डबीत ओला करून ठेवलेला तुकडा. त्याचा इथे काय संबंध?

मग दुपारभर वाचत बसलो.

समुद्रातला स्पंज हा चक्क प्राणी आहे. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, हृदय नाही, पोट नाही, तोंडसुद्धा नाही. शब्दशः बिनडोक! वाढ झाली की एका दगडाला चिकटून बसतो तो कायमचा. त्यामुळे ही वनस्पती की प्राणी यावर लोक कित्येक वर्षं भांडत होते. १८२० च्या दशकात रॉबर्ट ग्रँट या स्कॉटिश माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की स्पंजच्या मोठ्या भोकातून पाण्याची धार सतत बाहेर पडतेय. म्हणजे आत काहीतरी चालू आहे. या वादात आपली मुंबईही आहे बरं का. हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन १८४० च्या दशकात मुंबईच्या तलावांमधले गोड्या पाण्यातले स्पंज तपासत होता. त्यातल्या एका जातीला पुढे त्याचंच नाव मिळालं, युनॅपियस कार्टेरी.

आत जे चालू असतं ते भारी आहे. अंगभर बारीक भोकं, त्यातून पाणी आत येतं. आत छोट्या छोट्या खोल्या, आणि त्यांच्या भिंतींना कॉलर असलेल्या पेशी. प्रत्येक पेशीला एक शेपटी. लाखो शेपट्या हलत राहतात आणि पाणी ओढतात. कॉलरच्या गाळणीत बॅक्टेरिया अडकतात, तेच जेवण. ल्युकोनिया नावाच्या स्पंजचं उदाहरण पुस्तकांत असतं: १० सेंटिमीटर उंच, १ सेंटिमीटर जाड, आणि दिवसाला सुमारे २२.५ लिटर पाणी उपसतो. बोटाएवढा जीव आणि बादलीभर पाणी! बरं, सगळ्या शेपट्यांना 'आता हला' असं सांगणारा कोणी नाही. ना सर्व्हर, ना मॅनेजर :)

मधल्या जेलीसारख्या थरात काचेच्या किंवा चुन्याच्या बारीक सुया असतात, तो सांगाडा. आणि तिथेच काही पेशी अमीबासारख्या हिंडत असतात. त्या लागेल ते काम करतात. अन्न पोचवतात, आणि वेळ पडली तर दुसऱ्या प्रकारची पेशी बनतात.

१९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राध्यापकाने एक जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पार चोथा. पेशी सुट्या होऊन पाण्यात पडल्या. आणि त्या सरपटत एकमेकींना शोधू लागल्या, चिकटल्या, गोळे झाले, आणि त्यातून पुन्हा छोटे स्पंज तयार झाले. हे मी दोनदा वाचलं.

आता औषध. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञाला कॅरिबियन भागातल्या एका स्पंजमध्ये विचित्र रेणू सापडले. डीएनए ज्या विटांनी बनतो त्यांच्यासारखेच, फक्त आतली साखर वेगळी. त्या धर्तीवर प्रयोगशाळेत सायटाराबिन बनवलं गेलं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला ल्युकेमियासाठी मान्यता मिळाली. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, आतला कोड वेगळा. पेशी डीएनएची कॉपी काढायला लागली की फसून ही नकली वीट बसवते, आणि पुढचं बांधकाम अडतं. भराभर वाढणाऱ्या पेशी सगळ्यात आधी मरतात.

गोची अशी की चांगलं रक्त बनवणाऱ्या पेशीही भराभरच वाढतात. म्हणून डोसनंतर त्याचे काउंट कोसळले. पांढऱ्या पेशी जवळपास शून्य. आम्हाला मास्क, हात धुणं, फळं-फुलं काही न्यायचं नाही. काकू रोज सकाळी रिपोर्टवरचा तो एकच आकडा बघायच्या आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवायच्या. काही बोलायच्या नाहीत.

मी त्यांना स्पंजची गोष्ट सांगितली. पिळून काढल्यावर पेशी परत जमतात ती. सांगताना वाटलं, आपण काय बडबडतोय. माणूस म्हणजे स्पंज नव्हे, हे मलाही कळतं. पण हाडांच्या आत थोड्या मूळ पेशी शिल्लक राहतात आणि त्या पुन्हा सगळं रक्त उभं करतात, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला किती दिवस लागतात रे? स्पंजला?"

मला उत्तर आलं नाही.

त्यालाही जाग आल्यावर हेच सगळं सांगितलं. म्हणाला, "म्हणजे माझा जीव एका बिनडोक प्राण्याच्या हातात आहे?" म्हटलं, चार वर्षं माझ्याबरोबर राहिलास, सवय आहे तुला.

परवा रात्री काकूंचा मेसेज आला. नुसता एक आकडा, पुढे-मागे काही नाही. आदल्या दिवशीपेक्षा मोठा होता. अजून दोन सायकल बाकी आहेत, त्यामुळे इतक्यात काही म्हणत नाही.

असो. या शनिवारी परत जायचंय.